एकाच अर्थाने

माझ्या वडिलांच्या डाव्या कुशीवर एक व्रण होता. बरगडीच्या खालून निघून तो पोटाच्या दिशेने तिरपा उतरत गेला होता आणि लांबीला चांगला वीतभर भरत असे. एरवी तो सदऱ्याखाली झाकलेला असे. पण कुळदेवाच्या जत्रेला बाबा सोवळे नेसून उघड्या अंगाने पालखीबरोबर निघाले म्हणजे अंत्रुज महालातल्या आमच्या साऱ्या गोतावळ्याला तो दिसे. व्रणाच्या दोन्ही बाजूंना उमटलेल्या टाक्यांच्या खुणा आम्ही मुले मोजीत असू. कधी अठरा भरत, कधी एकोणीस. अग्रशाळेच्या पडवीत बसलेल्या बायका नव्या सुनांना हलक्या आवाजात सांगत, ‘मुतखड्याचें ऑपरेशन.’ त्या व्रणातून निघालेला खडा आईने कुंकवाच्या एका रिकाम्या डबीत जपून ठेवला होता. चिंचोक्याएवढा, तपकिरी, अंगाने खरखरीत. एवढ्याशा वस्तूसाठी माणसाला एवढे चिरावे लागते, या गोष्टीचे मला त्या वयात मोठे नवल वाटे.

बाबांचे ते ऑपरेशन १९८४ सालचे. मी पाच वर्षांचा होतो. त्यातले मला स्वतःला आठवते ते इतकेच, की बाबा घरी आले ते भिंतीला धरून, एका अंगावर कलून चालत; आणि आईने मला त्यांच्या मांडीवर बसावयास पुष्कळ दिवस मनाई केली होती. विहिरीवरची भरलेली घागर त्यांनी पुन्हा उचलली तेव्हा पाऊस येऊन गेला होता.

त्या वेळी आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी त्याचा उपयोग नव्हता, अशी एक गोष्ट तोवर घडून चुकली होती. मूत्रपिंडातला खडा शरीराला सुरी न लावता फोडण्याचा प्रयोग जर्मनीत म्युनिक येथे ७ फेब्रुवारी १९८० रोजी एका रुग्णावर यशस्वी झाला होता. लंडनच्या हेन्री मॉरिस या शल्यवैद्याने मूत्रपिंड उघडून त्यातला खडा काढला तो १८८० साली. म्हणजे सुरीने मूत्रपिंडापर्यंत वाट काढल्यावर सुरीवाचूनची वाट सापडावयास नेमकी शंभर वर्षे लागली. आणि ती सापडली तीही वैद्यांना नव्हे! डॉर्निअर नावाची विमाने बांधणारी कंपनी आवाजाहून वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळले म्हणजे त्यांच्या पत्र्याला काय होते, याचा अभ्यास करीत होती. थेंब आदळतो बाहेरून, पण त्याने उठलेली आघाताची लहर धातूच्या आत शिरून तेथे इजा करते, असे दिसून आले. आघात बाहेर आणि मोडतोड आत! ही गोष्ट ध्यानात आल्यावर कोणाला तरी मुतखडा आठवला. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे काही वर्षे प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग पहिल्या माणसाला पाण्याने भरलेल्या टाकीत उतरविले. पावसाच्या थेंबाने विमान कुरतडले जाऊ नये म्हणून निघालेला माणूस वाटेत मुतखड्याला येऊन भेटतो, हा योगायोग आमच्या पुराणांतल्या कथांहून मला कमी वाटत नाही. अमेरिकेच्या सरकारने या यंत्राला परवाना दिला तो १९८४ च्या डिसेंबरात. बाबांचे टाके सुकले त्याच वर्षी.

यंत्राचे तत्त्व समजावयास अवघड नाही. लंबगोल करवंटीचा अर्धा भाग डोळ्यांपुढे आणावा. लंबगोलाला दोन नाभी असतात. एका नाभीवर निघालेली लहर करवंटीच्या भिंतीवर आपटून परतते ती सगळी दुसऱ्या नाभीवर गोळा होते. पहिल्या यंत्रांत एका नाभीवर पाण्याखाली विजेची ठिणगी पाडीत आणि दुसऱ्या नाभीवर रुग्णाचा खडा येईल असा त्याला टाकीत निजवीत. आपल्या शरीराचा मऊ भाग लहरीच्या दृष्टीने जवळजवळ पाणीच. पाण्यातून निघालेली लहर कातडी, चरबी, मांस यांतून, जणू परक्याच्या अंगणातून जावे तशी कोणालाही न दुखविता पुढे जाते. खडा तेवढा वेगळा निघतो. तेथे तिची वाट अडते. समोरून दाब बसतो, मागच्या पाठीवरून उलट फिरताना ताण बसतो, भोवतीच्या द्रवात बुडबुडे उठून फुटतात, आणि असे शेकडो वेळा होता होता खड्याला चिरा पडत जातात. एका घावात काही होत नाही. आता टाकी गेली आहे. तिच्या जागी पाण्याने भरलेली एक उशी पाठीला लावतात आणि पुष्कळ यंत्रांत ठिणगीच्या ऐवजी विद्युत्चुंबकाने हलविलेल्या पडद्यातून लहर काढतात. पण मूळ युक्ती तीच आहे.

हे यंत्र आमच्याकडे यावयास वेळ लागला. परंतु २००८ सालापर्यंत ते आले होते, आणि माझी सारी गोष्ट त्या सालापाशी अडकून पडली आहे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाबांच्या उजव्या कुशीत दुखू लागले. चोवीस वर्षांपूर्वीचे दुखणे दुसऱ्या बाजूला आले होते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, वकिलीत नुकता कोठे पाय रोवलेला. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. तेथल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी चित्रे पाहिली, उजव्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी खडा असल्याचे सांगितले आणि म्हणाले, “चिंता नको. फोडून काढू.” बाहेर गर्दी होती. बाबांनी मान हलविली आणि आम्ही निघालो. गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर पायरीवर बसून म्हणाले, “एक फावट जालें, पुरो.”

मी त्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी तोच शब्द उच्चारला: पुरो. तेव्हा मी डॉक्टरांना कळविले की रुग्णाची इच्छा नाही. मला आठवते, हे कळविताना माझ्या मनात एक प्रकारचा अभिमान होता. त्याच वर्षी, १६ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निवाडा दिला होता. रुग्णाच्या शरीरावर अखेरचा अधिकार रुग्णाचाच; उपचार कोणता, कशासाठी, त्यातले धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, आणि उपचार घेतला नाही तर काय होईल, हे त्याला पुरेसे समजावून दिल्यावर त्याने दिलेली संमती तीच खरी संमती; असा त्याचा आशय. आम्ही तरुण वकील तो निवाडा मोठ्या चवीने वाचीत होतो. माझ्या वडिलांचा नकार मी त्याच चवीने मान्य केला. शहाण्या, जाणत्या माणसाने विचारपूर्वक दिलेला नकार! त्यावर मुलाने काय बोलावे?

तीन आठवड्यांत बाबांचे दुखणे आपोआप थांबले. आईने कुळथाच्या कढणाचा सपाटा लावला होता आणि देवाला नारळही बोलली होती. दुखणे थांबले तेव्हा कढणाला आणि देवाला निम्मे निम्मे श्रेय मिळाले. नारळ फोडला. पुढच्या जत्रेत बाबा पालखीबरोबर चालले.

मूत्रपिंडाची वाट तुंबून राहिली तर दुखणे काही काळाने बसते आणि मूत्रपिंड मुकाट्याने सुकत जाते, ही गोष्ट मला २०१० साली कळली. बाबांच्या पायांवर सूज आली होती. उजवे मूत्रपिंड कामातून गेले होते, आणि १९८४ चे डावे पूर्वीपासूनच निम्म्या जोराने चाललेले होते. त्यानंतर आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्याचे हेलपाटे सुरू झाले. बाबा २०१२ साली गेले. मरणाला अनेक कारणे असतात आणि सगळी कारणे एका दिवसाच्या माथी मारणे न्यायाचे नाही, एवढे मला व्यवसायाने शिकविले आहे. तरीही.

माझा स्वतःचा खडा २०२३ सालचा. उलटतपासणीच्या ऐन मध्यावर, साक्षीदार माझ्या हातात आला आहे असे वाटत असताना, डाव्या कुशीत कोणी तरी दाभण खुपसून फिरविल्यासारखे झाले. मी बाकाला धरून उभा राहिलो. साक्षीदाराला वाटले की वकील पुढच्या प्रश्नाची घातक जुळवाजुळव करीत आहेत, आणि त्याने न विचारताच एक कबुली देऊन टाकली. माझ्या मुतखड्याचा कोणाला काही लाभ झाला असेल तर तो त्या दिवशी माझ्या अशिलाला!

(आम्हां वकिलांना हे दुखणे व्हावे यात आश्चर्य नाही. गोव्याच्या उकाड्यात अंगावर काळा कोट, आणि कामकाज चालू असता बाहेर जावे लागू नये म्हणून सकाळपासून घशाखाली पाण्याचा घोट नाही. खडा एकदा झालेल्या पुष्कळांना तो पुन्हा होतो, आणि लघवी दिवसाला अडीच लिटर होईल इतके पाणी पिणे यासारखा स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही, असे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले. आमच्या वकीलखोलीत आता माझ्या नावाची एक तांब्याची कळशी आहे.)

तपासणीत अकरा मिलिमीटरांचा खडा निघाला. डॉक्टर मध्यम वयाचे, बेताचे बोलणारे होते. चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, “वकीलसाहेब, जागा बरी आहे. खड्याच्या कठीणपणाचा आकडा हजाराच्या आत आहे, म्हणजे फुटण्याची आशा चांगली. फोडून काढू.”

तेच शब्द. माझ्याबरोबर आई आली होती. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर. ती एकदम पुढे सरली, माझ्या कुशीवर सदऱ्यावरूनच हात ठेवला आणि थरथरत विचारले, “कितें फोडटले?”

काय फोडणार? डॉक्टर हसले. “आजी, खडा फोडणार. याला काही फोडणार नाही. कातडीला ओरखडासुद्धा नाही.” आई त्यांच्याकडे पाहत राहिली. नंतर माझ्याकडे वळून पाहिले. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दुसऱ्या खोलीत बाबांनी काय ऐकले होते ते आम्हां दोघांना एकाच क्षणी कळले असावे. ‘फोडून काढू’ या शब्दांना कर्म नव्हते. डॉक्टरांच्या मनात फोडावयाचा होता तो खडा. बाबांच्या मनात फोडावयाची होती ती कूस. १९८४ साली ती एकदा फोडून झालेली होती. त्यांनी नाकारले ते सुरीला, आणि सुरी त्यांना कोणी देऊ केलीच नव्हती. यंत्राविषयी तर ते काही बोललेच नाहीत, कारण यंत्राचे नावही त्यांच्या कानावर गेले नव्हते.

१८७२ च्या करार कायद्याचे तेरावे कलम विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी पाठ करावे लागते. दोन माणसे एकाच गोष्टीविषयी एकाच अर्थाने राजी होतात तेव्हा संमती झाली, असे ते म्हणते. या कलमावर मी जमिनीचे कितीतरी व्यवहार मोडून दाखविले आहेत. विकणाऱ्याच्या मनात एक शेत, घेणाऱ्याच्या मनात दुसरे! नकारालाही हेच मोजमाप लावावे लागते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही; आणि ज्याच्याविषयी ते यावयास हवे होते तो माणूस माझ्याच पायरीवर बसलेला होता. त्या वेळी मी आणखी एकच प्रश्न विचारावयाचा होता: ‘बाबा, डॉक्टर काय करणार असे तुम्हांला वाटते?’ साक्षीदाराला मी हा प्रश्न नक्की विचारला असता. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही; बाहेर पन्नास माणसे बसली होती आणि त्यांचे वाक्य त्यांच्या दृष्टीने पुरे होते. त्याचा अर्थ घरी जाऊन उलगडून सांगणे हे माझे काम होते. समजून घेऊनही बाबांनी नकारच दिला असता का? दिलाही असता. स्वभावाने ते हट्टी होते. पण तो नकार त्यांचा स्वतःचा झाला असता.

घरी आल्यावर आई म्हणाली, “पुता, देवाक विचारिनासतना वचूं नाका.” माझी पत्नी रसायनशास्त्र शिकविते; कौलप्रसादावर तिचा विश्वास नाही आणि माझाही बेताचाच. पण त्या दिवशी मी आईबरोबर देवळात गेलो. भटजींनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. ते ऐकताना मला जाणवले की हे गाऱ्हाणे अगदी नीट मांडलेल्या अर्जासारखे आहे. कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, दुखणे काय, करू घातले आहे ते काय, आणि मग हो की नाही. त्यात काही मोघम ठेवलेले नाही. आईने भटजींना आधीच बजावले होते, “मशीन म्हण. ऑपरेशन म्हणूं नाका.” देवाला तरी नेमके काय विचारले जात आहे ते समजावे, अशी तिची इच्छा होती. उजवी पाकळी पडली. कौल या शब्दाला आमच्या दप्तरांत आणखी एक अर्थ आहे. अटी लिहून दिलेल्या अभयपत्राला, जमिनीच्या पट्ट्यालाही कौल म्हणतात. अटी नसलेला कौल नसतो.

आमच्या सुश्रुतानेही अश्मरीच्या चिकित्सेत असेच काही सांगून ठेवले आहे. त्याचा खडा मूत्राशयातला. मूत्रपिंडापर्यंत त्याची सुरी पोहोचत नव्हती. औषधांनी गुण येईना तर शस्त्र धरावे, पण त्यापूर्वी काय करावे? शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू निश्चित, केली तर फळ संशयित. म्हणून सद्वैद्याने धन्याला विचारून मगच हात घालावा, असे तो म्हणतो. तेथे त्याने योजलेला शब्द ‘ईश्वर’ असा आहे. टीकाकार त्याचा अर्थ राजा असा करतात. आई मात्र त्याचा सरळ अर्थ करील आणि दोघांत भांडण होण्याचे कारण मला दिसत नाही. मला त्या वचनात आवडतो तो त्याचा प्रामाणिकपणा. संशय आहे, हे वैद्याने आधी स्वतःच्या तोंडाने म्हणावयाचे आहे.

माझ्या डॉक्टरांनी ते म्हटले. पत्नीने त्यांना म्हणावयास लावले, असे लिहिणे अधिक खरे होईल. संमतिपत्र माझ्यापुढे आले तेव्हा माझा हात सवयीने शेवटच्या पानाकडे गेला. अशील कोऱ्या वकीलपत्रावर सही करतात तेव्हा त्यांना खडसावणारा मी! पत्नीने कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचावयास बसली. मग तिने विचारले: एका वेळेत फुटला नाही तर? तर पुन्हा एकदा, आणि तरीही न फुटला तर दुसरा मार्ग. दुसरा मार्ग कोणता? मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून लेसरने फोडणे, किंवा खडा फार मोठा असता तर पाठीला लहान छिद्र पाडून; अलीकडे दुर्बिणीचाच वापर वाढत चालला आहे, कारण तिने खडा बहुधा एकाच बैठकीत निकालात निघतो. मग तो मार्ग आधीच का नको? त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि हा खडा आकाराने व जागेने लहरींना मानवणारा आहे. पण तुम्ही म्हणाल तर तेही करू. लहरी कोणाला चालत नाहीत? गर्भवती स्त्रीला, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला, लघवीत जंतू असतील तर ते जाईपर्यंत. आणि धोका? मूत्रपिंडाभोवती रक्त साचणे, क्वचित, ताप, क्वचित, तुकडे वाटेत अडकणे, त्याहून अधिक वेळा. शेवटी डॉक्टर म्हणाले, “खडा फोडणे माझ्याकडे. बाहेर टाकणे यांच्या शरीराकडे. माझे काम तासाभराचे, यांचे काम काही आठवड्यांचे.”

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मला त्या मेजावर निजविले. पाठीला लेपासारखे काही थंडगार चोपडून पाण्याची उशी दाबून बसविली. लेपात हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून तंत्रज्ञ पुनःपुन्हा हात फिरवीत होता. हवा आली की लहर तेथेच अडते. शिरेतून दुखणे मारणारे औषध दिले. मग टक्, टक्, असा आवाज सुरू झाला. कुशीवर आतून कोणी रबराचे वळे ताणून सोडावे तसा प्रत्येक आघात लागे. आरंभी फारच हलका. आधी सौम्य आघात दिले तर मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पुढच्या जोराच्या आघातांनी इजा कमी होते, असे डॉक्टर म्हणाले. वेगही सावकाशीचा, मिनिटाला साठ. घाई केली तर आधीच्या लहरीचे बुडबुडे विरण्यापूर्वी पुढची लहर येते आणि खडा उलट कमी फुटतो. आघात अडीच हजार द्यावयाचे होते. पडल्या पडल्या मी हिशेब केला: एकशे आठ मण्यांच्या तेवीस माळा आणि वर सोळा मणी. आई बाहेर बसून जप करीत होती हे मला माहीत होते. मीही मोजू लागलो, पण चौथ्या माळेपाशी चुकलो आणि नंतर बाबांच्या टाक्यांच्या खुणा आठवत राहिलो. अठरा की एकोणीस?

पाऊण तासाने मी स्वतःच्या पायांनी मेजावरून उतरलो. त्या दिवशी लघवी लाल झाली, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी. फडक्यातून गाळून पाहावयास सांगितले होते. चौथ्या दिवशी फडक्यावर पिवळसर वाळू आली. आईने ती एखाद्या दागिन्यासारखी न्याहाळली.

नवव्या रात्री दुखणे परतले. पहाटेपर्यंत मी खोलीत येरझारा घातल्या. आणि पाच वाजता ते एकाएकी थांबले, अगदी दिवा मालवल्यासारखे. मी चहा मागितला, दाढी केली. साडेदहाला महत्त्वाचा खटला होता. मी म्हटले, गेला असेल तुकडा, संध्याकाळी पाहू. पत्नी संमतिपत्राबरोबर दिलेला सूचनांचा कागद घेऊन उभी होती. त्यात दुखणे परतल्यास त्याच दिवशी दाखवावे असे होते. मी तिच्याशी कायद्याच्या सुरात वाद घालू लागलो, की दुखणे परतले होते हे खरे, परंतु ते आता राहिलेले नाही. आई देवघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “तुज्या बापायचीय दूख अशीच राविल्ली.”

मी कोट काढून ठेवला.

तपासणीत तुकड्यांची एक रांगच मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेली दिसली. जर्मनांनी तिला ‘दगडांची वाट’ अशा अर्थाचे नाव दिले आहे आणि ते आता सगळीकडे चालते. वरचे मूत्रपिंड फुगलेले होते. डॉक्टर म्हणाले की दुखणे थांबले याचा अर्थ वाट मोकळी झाली असा नेहमीच नसतो. ही गोष्ट मला तेरा वर्षे ठाऊक होती. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत ती मी पहाटे पाच ते सहा या एका तासात विसरलो होतो. त्याच दुपारी भूल देऊन दुर्बिणीने वाट मोकळी केली आणि आत एक बारीक नळी ठेवली. नळी तीन आठवड्यांनी काढावयाची होती. ती आत आहे हे विसरणारी माणसे असतात आणि मग नळीवरच खडे धरतात, असे डॉक्टरांनी बजावले. पत्नीने घरी येताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती तांबडे वर्तुळ काढले. दाव्यांच्या मुदती मी आयुष्यभर सांभाळीत आलो. माझी मुदत तिने सांभाळली.

महिनाभराने काढलेल्या चित्रात काही उरले नव्हते. फडक्यावरची वाळू प्रयोगशाळेत तपासली ती कॅल्शियम ऑक्झलेटची निघाली. उरलेली आईने कागदाच्या पुडीत घालून त्या जुन्या कुंकवाच्या डबीत, बाबांच्या चिंचोक्याशेजारी ठेवली आहे.

२०२४ च्या जत्रेला पालखीबरोबर जाण्याची पाळी माझ्यावर आली. बाबांचेच सोवळे पेटीतून काढले. निघण्यापूर्वी मी आईच्या पाया पडलो तेव्हा तिने माझ्या उघड्या कुशीवर हात फिरविला, डावीकडे, बरगडीच्या खाली, आणि विचारले, “खंय रे तें?”

मी तिचा हात धरून जागा दाखविली. तिने ती पुनःपुन्हा चाचपून पाहिली. बाहेर ताशे वाजू लागले होते.